देवळांच्या मधलं उज्जैन

सहा वर्षांपूर्वी आपल्या मंडळात मी 'मराठ्यांचं उज्जैन' नावाचं टिपण वाचलं होतं. ते इथे अजून आहे, आणि अधूनमधून कुणीतरी वाचून आवडल्याचं कळवतं. प्रत्येक वेळी मला थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या टिपणात सनावळीच्या चुका फारशा नाहीत. चूक बघण्यात आहे. ती माझ्या एकट्याची नाही, हे त्यातल्या त्यात समाधान. ज्योतिर्लिंगांच्या पुस्तिका, दिवाळी अंकांतली प्रवासवर्णनं, आपल्यासारख्या हौशी लोकांचे लेख, उज्जैनवरचं मराठीतलं बरंचसं लेखन याच चुकीच्या पायावर उभं आहे. टीका करायची तर सुरुवात घरातून केलेली बरी.

आपली रीत ठरलेली आहे. आधी महाकाल, तिथून चालत हरसिद्धी, रामघाट. मग रिक्षा ठरवून काळभैरव, सिद्धवट, मंगलनाथ, सांदीपनींचा आश्रम, वाटेत भर्तृहरीची गुंफा आणि गढकालिका. संध्याकाळी गोपाळ मंदिर, वेळ उरला तर वेधशाळा. प्रत्येक ठिकाणी पुराणातली एक कथा सांगायची आणि जिथे जमेल तिथे शिंद्यांचं नाव घ्यायचं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी १७३०च्या दशकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, बायजाबाईंनी गोपाळ मंदिर बांधलं, हरसिद्धीच्या दीपमाळा आपल्याकडच्यासारख्या आहेत, की झाला लेख. गोपाळ मंदिराचे चांदीचे दरवाजे मूळ सोमनाथचे आणि ते महादजींनी परत आणले, ही गोष्टही हटकून येते. महादजी १७९४ला वारले आणि मंदिर त्यांच्या दत्तकपुत्राच्या पत्नीने पुढच्या शतकात बांधलं, हे मधलं अंतर कुणी मोजत नाही. मीही मोजलं नव्हतं.

दोन देवळांच्या मध्ये रिक्षातून जे दिसतं त्याला आपण 'गल्लीबोळ' म्हणतो. माझ्या टिपणात हा शब्द चार वेळा आला आहे. शहर त्या शब्दात राहतं, आणि आपण ते तिथेच सोडून येतो.

माझ्या त्या टिपणातला फोटो क्रमांक ७ बघा. दगडी जोतं, पाच पायऱ्या, वर नक्षीदार लाकडी खांब, खांबांवर तुळई, माडीला महिरपी. खाली मी लिहिलं होतं, 'कमरी मार्गावरील मराठाकालीन वाडा'. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच पायऱ्यांवर घरमालक बसले होते. पांढरी टोपी, कडेला सोनेरी पट्टी, ऐंशीच्या पुढचं वय. मी कौतुकाने सांगितलं की आमच्या पुण्याकडे अशीच घरं असतात, हा मराठा वाडा आहे. ते म्हणाले, "भाई, ये तो हमारे परदादा का घर है. लोहे का काम था उनका. हम बोहरा लोग हैं." आणि मग, वाईट न वाटता, चहा मागवला. लाकडी खांब दिसला की तो मराठा, या आपल्या हिशोबात त्यांचे पणजोबा बसत नव्हते, म्हणून मी त्यांना न विचारताच बाहेर काढलं होतं. नोकरीत असताना कुणी माती न तपासता पायाची खोली ठरवली असती तर मी कागद परत पाठवला असता.

घरी येऊन विल्यम हंटरचा वृत्तांत नव्याने वाचायला घेतला. हा हंटर म्हणजे इंग्रज वकिलातीबरोबरचा डॉक्टर. १७९२ मध्ये आग्र्याहून निघून तो उज्जैनला आला, आणि त्याचं प्रवासवर्णन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत सहाव्या खंडात छापलं गेलं. महादजी त्याच वर्षी पुण्याला गेले. म्हणजे शिंद्यांची राजधानी असलेलं, नांदतं उज्जैन या माणसाने पाहिलं. आपण मराठी लोक हंटर वापरतो ते शिंद्यांच्या वाड्याच्या एका वाक्यापुरतं. त्याने वाड्याची फारशी तारीफ केलेली नाही, त्यामुळे तेही वाक्य सहसा गाळतो.

पण घरांविषयी तो जे सांगतो ते आपल्याला फार उपयोगाचं आहे. शहर लांबट, घेर सुमारे सहा मैल, भोवती दगडी तट आणि गोल बुरूज. वस्ती दाट. घर विटांचं असो की लाकडाचं, आधी लाकडाचा सांगाडा उभा करतात आणि मधल्या जागा नंतर विटांनी भरतात. मुख्य बाजाराचा रस्ता रुंद, सरळ, दगडी फरशीचा. दोन्ही बाजूंना दुमजली घरं, पाचसहा पायऱ्या चढून दुकान, दुकानाचा मजला दगडी, वर विटांच्या किंवा लाकडाच्या माडीत मालकाचं बिऱ्हाड. हे वर्णन वाचून मी माझा फोटो क्रमांक ७ पुन्हा पाहिला. पायऱ्यासुद्धा पाच! फरक इतकाच की हंटरच्या लेखी ही गावातल्या सगळ्यांची बांधकामाची रीत होती. मारवाडी सराफ, नागर ब्राह्मण, बोहरा लोखंडवाला, दक्षिणी कारकून, सगळे याच सांगाड्यात राहत. लाकूड माळव्यातल्या जंगलाचं, सुतार गावातला. आपण तिला 'मराठा शैली' म्हणतो, कारण आपण पुण्याहून गेलेलो असतो. गुजराती माणूस गेला तर तो हिला पोळातली घरं म्हणेल, आणि त्याचंही तितकंच बरोबर किंवा तितकंच चूक असेल.

हंटर पुढे बोहऱ्यांविषयी लिहितो. त्यांचा मुख्य मुल्ला बऱ्हाणपुरास असतो, त्याचा धाकटा भाऊ उज्जैनला. शहरातले पाच मोहल्ले बोहऱ्यांचे आहेत आणि त्या पाचांवर या धाकट्या भावाचा अंमल चालतो, धर्माच्या बाबतीत आणि व्यवहाराच्या बाबतीतही. शिंद्यांच्या राजधानीत पाच मोहल्ले स्वतःचा कारभार स्वतः बघत होते, ही माहिती १७९२ची आणि छापील आहे. तरी ती मला मराठीतल्या उज्जैनवरच्या एकाही लेखात भेटली नाही. माझ्याही नाही.

त्याच्या मागचा धागा आणखी लांब जातो. दाऊदी बोहऱ्यांचे ३९वे आणि ४०वे दाई, म्हणजे त्यांचे सर्वोच्च धर्मगुरू, उज्जैनलाच होते आणि इथेच वारले. अठराव्या शतकाची साधारण चाळीस वर्षं त्या जमातीची गादी उज्जैनला होती. आता सनावळी शेजारी ठेवून बघा. जानेवारी १७३८च्या दुराहे सराईच्या तहाने माळवा पेशव्यांकडे आला. राणोजी उज्जैनला बसले, महाकालाचं देऊळ उभं राहत होतं, आणि त्याच सुमारास एक व्यापारी जमात आपली गादी त्याच गावात मांडत होती. आपण या काळाला 'धर्माचा जीर्णोद्धार' एवढंच नाव देतो. देऊळ बांधणारा दिवाण मोठाच; पण ज्या गावात रोकड, दुकानं, कारागीर आणि रात्री बंद होणारे मोहल्ल्यांचे दरवाजे नाहीत तिथे देऊळ फार दिवस चालत नाही. शिंद्यांच्या कारकिर्दीचं मोजमाप मला आता या मोहल्ल्यांत जास्त दिसतं. आणि ते आपल्या अभिमानाला कमीपणा आणणारं मुळीच नाही.

आता नावांकडे येऊ. संभाजीनगरच्या वाचकाला जयसिंगपुरा माहीत आहे, बेगमपुऱ्याच्या शेजारचा. उज्जैनलाही जयसिंहपुरा आहे, शहराच्या दक्षिणेला, वेधशाळेजवळ. कछवाह राजांची ही रीतच होती, मोगली चाकरीत जिथे मुक्काम तिथे आपल्या नावाचा पुरा. तिकडचा मिर्झा राजे जयसिंहांचा, इकडचा सवाई जयसिंहांचा, जे माळव्याचे सुभेदार होते. म्हणजे एका राजपूत सुभेदाराचा पुरा मराठ्यांच्या आधीच वसलेला होता. मराठे आल्यावर त्यांनी तो पुसला नाही. वेधशाळा मात्र पडीक झाली आणि ती दुरुस्त करायला १९२३ उजाडलं, माधवराव शिंद्यांच्या वेळी. तिथले पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे. आज जयसिंहपुऱ्यात जैन मूर्तींचं संग्रहालय आहे. एका पुऱ्यात अंबरचा राजा, दक्षिणी ज्योतिषी आणि दिगंबर जैन! आणि आपल्या लेखात वेधशाळेच्या पुढे एक ओळ, 'परिसर शांत आहे'.

माझ्या वहीत मी नावं शेपटाप्रमाणे लावून पाहिली. पुरा असलेली: जयसिंहपुरा, अब्दालपुरा, भागसीपुरा, मालीपुरा, नयापुरा, अवंतिपुरा. वाडा आणि वाडी: खत्रीवाडा, तेलीवाडा, लखेरवाडी, कहारवाडी. गंज: दौलतगंज, बहादुरगंज, जीवाजीगंज. वारांची: बुधवारिया, जुना सोमवारिया. आपल्या पुण्यातल्या पेठांची आठवण होते, पण घाई नको. एक अनंतपेठही आहे, आणि त्याच अनंतपेठेत अनंतनारायणाचं देऊळ आहे तशीच बिना नीव की मशीद आहे. 'पायाविना मशीद' असं नाव ऐकून माझ्यातला इंजिनियर तिथे तासभर रेंगाळला. पाया आहे, अर्थातच. देवळाचे जुने खांब तिथे पुन्हा वापरलेले स्पष्ट दिसतात, आणि हेही लिहायला हवं, कारण मोहल्ल्यांचा इतिहास लिहायचा म्हणजे गोड गोड लिहायचं असं नाही. इल्तुतमिशच्या स्वारीने १२३४-३५ मध्ये महाकाल पाडला, १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेला उज्जैनजवळच तुडवलं. या गावाने आपल्याच माणसांचाही मार खाल्ला आहे.

गंज नवे आहेत आणि त्यांच्या नावांतून शिंद्यांची वंशावळच वाचता येते. पण दौलतराव १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरला गेले आणि राजधानीचा थाट हलला. पुढे रेल्वे आली, रुळांपलीकडे चौकोनी आखणीचं माधवनगर बसलं. सरकारी कागदावर माधवनगर, लोकांच्या तोंडी फ्रीगंज. लोकांनी राजाचं नाव बाजूला ठेवून सवलतीचं नाव उचललं, हे मला मोठं बोलकं वाटतं.

माझ्या वहीतली बाखल मात्र कुठल्याच शेपटात बसली नाही. नलिया बाखल. बाखल हा माळवी शब्द, आपल्या 'चौक' आणि 'वाडा' यांच्या मधला. एका दारातून आत शिरलं की दहा घरांचं एक आवार. मराठी लेखकांनी हा शब्द एकतर गाळला आहे किंवा 'बखळ' केला आहे. बखळ म्हणजे आपल्याकडे ओस जागा! वस्तीच्या शब्दाला ओसाडीचा शब्द लावणं, यापेक्षा आपल्या वाचनावरची टीका मला वेगळी करता येणार नाही.

आता पुराणांचं. मी पुराणं टाकून द्या म्हणत नाही. स्कंदपुराणातला आवंत्यखंड मी ज्या तऱ्हेने वापरला, ती तऱ्हा टाकायला हवी. त्यात उज्जैनच्या ८४ महादेवांची माहात्म्यं आहेत. आपण त्यातली आठदहा मोठी देवळं उचलतो. पण ८४ची यादी घेऊन खरंच फिरलं तर कुणी घाटावर, कुणी बाजारात दोन दुकानांच्या मध्ये, कुणी एखाद्याच्या अंगणातून वाट असलेला. पहिला अगस्त्येश्वर हरसिद्धीच्या मागे. शेवटचे चार, ८१ ते ८४, म्हणजे पिंगलेश्वर, कायावरोहणेश्वर, बिल्वकेश्वर आणि दर्दुरेश्वर, हे गावात नाहीतच, ते चार दिशांचे द्वारपाल, कित्येक किलोमीटर लांब. मोजणी करणारा माणूस कागदाच्या चार कोपऱ्यांत खुणा ठोकतो ना, तसे ते शेवटी ठोकले आहेत. वैशाखातली पंचक्रोशी यात्रा, ११८ किलोमीटरची, याच चौघांना जोडत जाते. ती सुरू होते पटनी बाजारात, नागचंद्रेश्वराकडून बळ मागून. आणि परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ देवाला परत केलं जातं. उसना घेतलेला माल परत करायची ही रीत बाजारातल्या देवाला शोभते.

महाष्टमीची नगरपूजा मी दोनदा पाहिली. गुदरी चौकाजवळच्या चौबीस खांब्यापाशी महामाया आणि महालया या देवींना खुद्द कलेक्टर मद्य वाहतो. हाच तो जुना दरवाजा, जो विक्रमादित्याच्या किल्ल्याचा म्हणून हंटरला दाखवला गेला होता. मग कोटवार मद्याची हंडी घेऊन निघतात, हंडीला भोक, आणि त्या भोकातून धार रस्त्यावर पडत जाते. सुमारे २७ किलोमीटर, चाळीसएक देवळं, शेवट अंकपात मार्गावर हंडीफोड भैरवापाशी. मी फूटपट्टीचा माणूस. नगराची हद्द दारूच्या धारेने आखलेली बघून आधी हसू आलं आणि मग गप्प झालो. ही धार वस्त्यांमधून जाते. ज्या गल्लीत ती पडली ती गावात.

आणि महाकालाची सवारी. तिचा मार्ग कुणालाही तोंडपाठ असतो: गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी, रामघाट, रामानुजकोट, कार्तिक चौक, खाती मंदिर, ढाबा रोड, टंकी चौक, छत्री चौक, गोपाळ मंदिर, पटनी बाजार आणि परत. कहार म्हणजे पालखी उचलणारे. पालखीच्या वाटेवर त्यांची वाडी आहे. मराठ्यांची खूण हवीच असेल तर ती इथे आहे, आणि दगडात नाही. उत्तरेतला श्रावण पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येपर्यंत चालतो. महाकालाची सवारी उत्तरेच्या श्रावणाबरोबर थांबत नाही, त्यांच्या भाद्रपदाच्या वद्य पक्षातल्या सोमवारीही निघते, म्हणजे आपला श्रावण पूर्ण करते. अख्खं शहर हिंदी बोलतं, माळवी बोलतं आणि दर वर्षी पंधरा दिवस दक्षिणी पंचांगाने चालतं. मी माझ्या टिपणात तीन पानं दीपमाळांवर घालवली आणि या पंचांगावर एक ओळ लिहिली नाही.

हंटरची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गावाच्या उत्तरेला, गढकालिकेकडे, लोक पंधरा ते अठरा फूट खणतात आणि विटांच्या अखंड भिंती निघतात, असं तो लिहितो. मातीचा पाऊस पडून जुनं नगर गाडलं गेलं ही कथा त्याला सांगितली गेली. तो ती लिहून घेतो आणि मग भूकंपाने असं होईल का, पुराने होईल का, नदी सरकल्याने होईल का, एकेक करून तपासतो. १९५६ ते ५८ मध्ये पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं तेव्हा मातीचा प्रचंड तट आणि खंदक मिळाला. आज ज्याला आपण 'प्राचीन उज्जैन' म्हणून फिरतो ते गाव या टेकाडाच्या दक्षिणेला आहे आणि घरादारांनी बघितलं तर बरंचसं गेल्या तीनशे वर्षांतलं आहे. प्राचीन नगर शेताखाली आहे. त्यामुळे 'हे प्राचीन आहे, ते अर्वाचीन, म्हणून सोडा' ही आपली चाळणीच उलटी लागते. जे चालतंबोलतं आहे ते सगळं त्या सोडलेल्यात.

हे आत्ता लिहायची घाई का, तर २०२८चा सिंहस्थ. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक उघडला. गर्दी किती वाढली हे जाऊन आलेल्यांना सांगायला नको, आणि त्या गर्दीला रस्ते लागतात हे मी तरी नाकारणार नाही, आयुष्यभर तेच काम केलं. २०२३ मध्ये केडी गेटचा रस्ता रुंद झाला. केडी म्हणजे कालियादेह. तट पडला, दरवाजा गेला, मग नावाचीही दोन अक्षरं उरली. जानेवारी २०२५ मध्ये महाकाल परिसराच्या विस्तारासाठी निजामुद्दीन कॉलनीतली अडीचशेच्या वर बांधकामं पाडली गेली, तकिया मशिदीसकट. त्यातलं कायदेशीर काय, मोबदला कुणाला किती, याचा निवाडा करायची ही जागा नाही. मला बोचतं ते वेगळं. पाडायच्या आधी त्या वस्तीचा एक नकाशा, चार उभे छेद, घरांच्या माणसांनी सांगितलेली नावं, एवढं तरी आपल्यासारख्या कुणी करून ठेवायला हवं होतं. माझ्याकडे त्या भागाचे फोटो शोधले. सगळ्यांत महाकालाचा कळस आहे, आणि कडेला, कापलेली, घरं.

मंडळाला एक विनंती. माझं जुनं टिपण काढू नका, चूक राहू द्या, पण फोटो क्रमांक ७ खालची ओळ बदला. कमरी मार्गावरच्या त्या घरी मी परवानगी मागितली आहे. नाव घालू नका म्हणाले, बाकी सगळं लिहा म्हणाले. तेव्हा नवी ओळ अशी: 'लोखंडाच्या व्यापाऱ्याचं राहतं घर, बोहरा मोहल्ला, कमरी मार्ग. खाली दुकान, वर बिऱ्हाड. लाकडी सांगाडा, विटांची भरण. पायऱ्या पाच.'